आयलीच्या खिडकीतलं शिसं

भांडं आणायला गेलो होतो, एवढंच.

मागच्या वर्षीचा ऑगस्ट संपत आला होता. माझं शिसं वितळवायचं भांडं बुडाशी तडकलं होतं आणि अस्वलाच्या शिकारीचा मोसम दोन आठवड्यांवर आला होता. ओन्नीचं भांडं बिडाचं, जाड, काळंभोर. ओन्नी मार्चमध्ये गेला. भांडं रिकामंच पडून असणार, असा साधा विचार करून मी त्याच्या घरी गेलो.

दिवा मोठा करू नका. आहे तेवढा पुरे. ही गोष्ट मी फार जणांना सांगितलेली नाही. भीतीची आहे. पण तिच्यात ओन्नी आहे, आणि ओन्नी असेल तिथे माणसाला फार वेळ तोंड पाडून बसता येत नाही.

त्याची बायको आयली दारात आडवी उभी राहिली. तिनं सांगितलं की भांडं घराबाहेर जाणार नाही. ओन्नी असताना गेलं नाही, आताही जाणार नाही. काय ओतायचं ते इथेच बसून ओत, आणि आधी बूट काढ. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. चाळीस वर्षं जंगलतोडीच्या टोळीवर मुकादम होतो. कुणाच्या सांगण्यावरून बूट काढणारा नव्हे. पण आयलीच्या घरी सगळेच काढतात. मीही काढले.

अंगणापलीकडे त्यांची सावना आहे. घामाच्या न्हाणीला आम्ही सावना म्हणतो. तिच्या पुढच्या खोलीत लोखंडी स्टोव्ह, एक बाक आणि पूर्वेला खिडकी. ओन्नी तिथेच बसून गोळ्या ओतायचा. मी स्टोव्ह पेटवला, भांडं वर ठेवलं, शिशाच्या कांबी आत टाकल्या. शिसं वितळू लागलं की त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकतात, म्हणजे मळी वर येते. धूर उठला. वितळलेल्या मेणाचा तो वास खोलीत पसरला आणि मला क्षणभर वाटलं, आता दार ढकलून ओन्नी येणार आणि म्हणणार, कथील कुठंय?

कारण आमचं भांडण तेच होतं. चाळीस वर्षांचं.

आमच्या दोघांच्या कार्बाइन सारख्याच. आखूड नळीच्या, जाड गोळीच्या. करंगळीएवढी जाड गोळी. इथल्या सीडरच्या दलदलीत लांबचं दिसतच नाही. अस्वल दिसतं ते वीस पावलांवर, कधी दहा. तिथे लांब नळीची बंदूक फांद्यांत अडकते. म्हणून कार्बाइन. इथवर आमचं एकमत. पुढे गोळीवर गाडी अडायची. माझं म्हणणं, शिसं शुद्ध हवं, मऊ. अंगात शिरली की गोळी फुलते, मोठी जखम करते आणि आतच राहते. ओन्नीचं म्हणणं, शिशात कथील हवं, गोळी कडक हवी, तोंड रुंद आणि सपाट. तो म्हणायचा, शंभर पावलांवर तुझी गोळी ठीक आहे. पण हाताच्या अंतरावर ती पूर्ण जोरात असते, हाड लागलं की चिखलासारखी पसरते. जवळच्या मारात गोळीचं काम फुलणं नाही, पोचणं आहे.

मी त्याला माझ्या एका अस्वलाची गोष्ट ऐकवायचो. कडक गोळी आरपार गेली आणि अस्वल दोन मैल धावलं. त्यावर तो दर वेळी तेच बोलायचा. "आर्वो, तू त्याला ढुंगणावर मारलं होतंस. तिथे तोफ मारली असती तरी ते धावलंच असतं." आणि मग तो स्वतःच इतका हसायचा की त्याची कॉफी सांडायची.

फेब्रुवारीत तो अंथरुणाला खिळला तेव्हा मी रोज जाऊन बसायचो. एकदा त्यानं मला जवळ बोलावलं. त्याच्या मुलीनं, कारिननं, अस्वलाच्या परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवलं होतं. ती त्याची कार्बाइन घेऊन जाणार होती आणि बरोबर मी. ओन्नीनं एवढंच मागितलं की तिच्यासाठी गोळ्या कडक ओत. मी म्हणालो, बघू. तो म्हणाला, "बघू नकोस. ओत." आणि हसला. मी शब्द दिला नाही. त्या माणसानं उभ्या आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

तरी त्या दिवशी मी मऊ शिसंच ओतलं. का, ते विचारू नका.

वीस गोळ्या हव्या होत्या. काडतुसांचा डबा विसाचा असतो आणि अर्धवट डबा मला चालत नाही. एकोणीस झाल्या आणि भांड्याचा तळ दिसू लागला. मी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीच्या फळीवर ओन्नीचं नववर्षाचं शिसं होतं.

नववर्षाच्या संध्याकाळी आमच्याकडे प्रत्येकजण पळीभर शिसं वितळवून बर्फाच्या पाण्याच्या बादलीत ओततो. पाण्यात त्याचं काहीतरी ढेकूळ होतं. त्याचा आकार पाहून वर्षाचं भविष्य सांगायचं. जहाज दिसलं तर प्रवास, कोंबडी दिसली तर घरात भरभराट. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही आणि मग ज्याची जीभ तिखट तो जिंकतो. ते ढेकूळ वर्षभर खिडकीत ठेवायचं. पुढच्या नववर्षाला तेच वितळवून पुन्हा ओतायचं. त्याआधी त्याला विस्तव दाखवायचा नाही. माझी आजी हे समुद्रापलीकडच्या आमच्या जुन्या देशातून घेऊन आली, तिच्याही आजीचं तेच.

ओन्नी चिकट माणूस. भविष्यालाही तो एका गोळीपुरतंच शिसं घ्यायचा. त्याचं त्या वर्षीचं ढेकूळ अळंबीसारखं होतं. खाली बारीक देठ, वर पसरलेली टोपी आणि टोपीची एक कड मागे दुमडलेली, जशी कुत्र्याचा कान दुमडतो. आयली म्हणाली होती, यंदा अळंबी भरपूर. ओन्नी म्हणाला होता, अळंबी नाही, छत्री आहे, म्हणजे मी कुठेतरी जाणार. आम्ही खूप हसलो होतो. मार्चमध्ये तो गेला.

मी ते उचललं. मनाशी म्हटलं, शिसं ते शिसं. आणि ज्याचं वर्ष ते, त्याचं तर संपलंच आहे. भांड्यात टाकलं. ते लगेच वितळलं नाही. थोडा वेळ तळाशी नुसतं बसून राहिलं, देठ वर करून. मग एकदम पाणी झालं. मी विसावी गोळी ओतली, फडक्यावर मेण लावून सगळ्या गोळ्या एकत्र घोळल्या, आणि मग सवयीनं त्या तपासायला बसलो.

तपासायची रीत ओन्नीची. स्टोव्हच्या लोखंडी झाकणावर गोळी वीतभर उंचीवरून टाकायची. मऊ शिसं थप् करतं. कडक शिसं वाजतं. मी एकेक टाकत गेलो. थप्. थप्. थप्. बारावी गोळी वाजली.

टण्.

स्वच्छ आवाज, चमचा काचेच्या पेल्याला लागावा तसा. मी ती उचलली आणि पुन्हा टाकली. थप्. पुन्हा टाकली. थप्. मग सगळ्या वीसही पुन्हा टाकून पाहिल्या. सगळ्या मुक्या.

आयली निसूचा, म्हणजे आमच्या गोड पावाचा, तुकडा आणि कॉफी घेऊन आली. वेलदोड्याचा वास आला म्हणून मी मान वर केली, तर ती खिडकीकडे पाहत होती. तिथल्या फळीचा रंग उन्हानं उडाला होता आणि ढेकळाच्या जागी त्याच आकाराचा गडद डाग उरला होता. तिनं विचारलं, कुठंय? मी खोटं बोलत नाही. म्हणालो, भांड्यात गेलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं कॉफी खाली ठेवली, बाकावर बसली आणि तिनं एका गोळीवर नख दाबून पाहिलं.

"मऊ शिशात घातलंस त्याला," ती म्हणाली. "आता तो गप्प बसतोय होय?"

आणि तिला हसू फुटलं. मलाही फुटलं. डोळे पुसत आम्ही कॉफी प्यालो.

कारिन आमच्या गावची शाळेची बस चालवते. बेचाळीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्याची, आणि जीभही त्याचीच. त्या गोळ्यांची मी काडतुसं भरली. ती न्यायला आली तेव्हा तिनं डबा हातात तोलला आणि विचारलं की काका, ही अस्वलाला मारायची की त्याच्या पावावर लावायची? मी तिला म्हणालो की नेम नीट धर, बाकी गोळी बघून घेईल. मग तिनं कोटाच्या डाव्या खिशातून पाच काडतुसं काढून दाखवली. ओन्नीनं भरलेली शेवटची. कडक गोळ्या, बुडाला त्याच्या सवयीचा निळ्या रंगाचा ठिपका. मी म्हणालो, ती राहू दे खिशात, वाऱ्यानं उडणार नाहीस. ती हसली आणि ती खिशातच राहिली. बंदुकीत माझीच गेली.

तो सप्टेंबरमधला रविवार होता. दुपारचे तीन. दलदलीच्या काठाला एक ओसाड शेत आहे, घर कधीच पडलं, सफरचंदाची झाडं तेवढी उरली आहेत. अस्वल तिथे फळं खायला येतं. आम्ही दगडाच्या जुन्या बांधाआड बसलो. कारिननं पास्टी आणली होती, बटाटा आणि मांस भरलेली, अजून कोमट. अर्धी मला दिली आणि हळूच म्हणाली, बाबा म्हणायचे आर्वोकाकाच्या पोटाचा आवाज ऐकून अस्वल पळतं. मी तिला गप्प केलं. माझ्या पोटानं ते खरं ठरवलं.

साडेतीनला अस्वल आलं. मोठा नर, काळा, चालताना पाठीवरची चरबी हलत होती. वीस पावलांवर ते आडवं उभं राहिलं आणि मान वर करून फांदी ओढू लागलं. कारिननं घाई केली नाही. बापानं शिकवलं तसं श्वास सोडला आणि चाप ओढला.

गोळी खांद्यावर बसली. आवाज मी ऐकला, ओल्या पोत्यावर फळी मारावी तसा. अस्वल पडायला हवं होतं. ते पडलं नाही. ते गर्रकन फिरलं, आपल्याच खांद्याला चावलं आणि तीन पायांवर दलदलीत शिरलं.

आम्ही तिथे जाऊन पाहिलं. थोडे केस, हाडाची एक पांढरी कपची, बोटभर रक्त. गोळी हाडावर पसरली होती. आत गेलीच नव्हती. माझी गोळी होती ती. कारिननं ती कपची उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

जखमी अस्वलामागे लगेच जात नाहीत. अर्धा तास थांबतात. आम्ही थांबलो, आणि तेवढ्यात गावाजवळच्या मोठ्या सरोवरावरून धुकं आलं. मी म्हणालो, चार माणसं घेऊन उद्या येऊ. कारिननं बांधापलीकडे बोट दाखवलं. तिथून दोनशे पावलांवर शाळेच्या बसचा फाटा आहे.

"उद्या सकाळी सात वाजता माझी सात पोरं त्या फाट्यावर उभी असतील, काका."

मी कार्बाइन उचलली. आम्ही आत शिरलो. ती पुढे, मी डावीकडे दोन पावलं मागे. जखम तिच्या गोळीची, म्हणून पुढे ती. इथला नियम तो. मी मोडायला बघितलं, तिनं मोडू दिला नाही.

तुम्ही त्या दलदलीत गेला नाहीत. भरदिवसा तिथे तिन्हीसांज असते. सीडरची झाडं एकमेकांत पडलेली, मेलेली आणि जिवंत कोणती ते कळत नाही. खाली शेवाळ, इतकं जाड की पाऊल ठेवलं तर आवाज होत नाही, आणि पाऊल उचललं की खालचं पाणी हळूच श्वास घेतं. धुक्यानं वरचं सगळं बुजलं होतं. पाण्याचे थेंब फांद्यांवरून पडत होते, पण पक्षी नव्हता, वारा नव्हता. कुजक्या लाकडाचा वास होता आणि मधूनच अस्वलाचा, ओल्या कुत्र्यासारखा. रक्ताचा माग पन्नास पावलं मिळाला. मग बंद झाला. मऊ गोळीचं भोक चरबीनं बुजतं, हेही ओन्नी सांगायचा.

आम्ही उभे राहिलो. आणि मग...

टण्.

पुढून आला, जरा उजवीकडून. स्वच्छ, छोटा आवाज.

कारिननं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिनंही ऐकलं. तिथे लोखंड नाही. त्या दलदलीत कधी कुणी राहिलेलं नाही. मी मान हलवली, चल. आम्ही उजवीकडे वळलो. वीस पावलांवर शेवाळावर रक्ताचा एक थेंब होता. ताजा.

पुन्हा माग हरवला. पुन्हा आवाज आला, या वेळी जवळून. आणि त्याच्या मागोमाग धुक्यातून वास आला. वितळलेल्या मेणाचा. मी ओलाचिंब उभा होतो, गुडघ्यापर्यंत पाण्यात, आणि माझ्या नाकाला स्टोव्हची ऊब लागत होती.

"काका..." कारिन कुजबुजली. "हे तर झाकणावर..."

"माहीत आहे."

"बाबा..."

"पुढे बघ."

मी भीत नाही असं सगळे म्हणतात. म्हणू देत. तिथे मला अस्वलाचीच भीती वाटत होती असं मी सांगू शकत नाही. मला शरम वाटत होती. मेलेला माणूस धुक्यात बसून गोळ्या तपासत होता, आणि का, ते मला कळत होतं. मी शब्द दिला नव्हता. त्याची मुलगी माझं शिसं घेऊन पुढे चालली होती.

आम्ही आणखी दहा पावलं गेलो. तिसऱ्यांदा वाजलं.

टण्.

आमच्या मागे.

अस्वलाचा माग पुढे होता, आवाज मागे. मग माझं जुनं डोकं चाललं. जखमी अस्वल कधी कधी वळसा घेतं आणि आपल्याच मागावर येऊन दबा धरतं. आम्ही ज्या वाटेनं आलो त्याच वाटेवर ते आता बसलं होतं. आमच्या पाठीशी.

आम्ही दोघं हळूहळू फिरलो. धुक्यात एक उलटून पडलेलं झाड होतं, मुळांचा चिखलानं माखलेला पडदा वर करून. दहा पावलांवर. आम्ही थोड्या वेळापूर्वी त्याच्या कडेनंच गेलो होतो.

"कारिन," मी म्हणालो. "काडतुसं बदल."

तिनं विचारलं नाही कोणती. आमच्या कार्बाइनमध्ये काडतुसं नळीखालच्या नळीत एकामागून एक बसतात, आणि जे शेवटी घालावं ते आधी निघतं. तिनं डाव्या खिशातून निळ्या ठिपक्याचं एक काढलं, बाजूच्या झडपेतून आत ढकललं आणि खालचा दांडा ओढला. खटक्. माझं मऊ काडतूस उडून शेवाळात पडलं. ओन्नीचं वर चढलं. तिनं दुसरं निळं मागोमाग ढकललं. मी आयुष्यात जंगलात काडतूस टाकून आलो नाही. ते मी उचललं नाही. अजून तिथेच आहे.

दांड्याचा तो खटक् आवाज धुक्यात विरला, आणि त्याला उत्तर आलं. मुळांच्या त्या पडद्याआडून. इतक्या जवळून की झाकण थरथरताना ऐकू यावं.

टण्.

आणि अस्वल आलं.

ते ओरडलं नाही. येणारं अस्वल ओरडत नाही. डोकं खाली, कान मागे, तीन पायांवर असूनही घोड्यासारखं. मी माझी कार्बाइन खांद्याला लावली. तिच्यात मऊ गोळ्या होत्या, आणि समोर फक्त कवटी आणि खांदे होते, सगळं हाड. मला ठाऊक होतं काय होणार. कारिननं चाप ओढला तेव्हा अस्वल तिच्यापासून एका बाकाच्या लांबीवर होतं. ते पुढच्या पायांवर कोसळलं आणि घसरत आलं. नाक तिच्या बुटाला लागलं, तेव्हा थांबलं.

धूर धुक्यात मिसळत होता. मेणाचा वास गेला होता.

मग कारिन म्हणाली, "पोचली."

मी म्हणालो, हो. पोचली.

गोळी छातीतून शिरली होती आणि मागच्या मांडीतून बाहेर पडली होती, एवढं सबंध जनावर ओलांडून. ती आम्हाला सापडली नाही. आम्ही तिथेच बसलो आणि अचानक दोघांनाही हसू येऊ लागलं, आवरेना. कारिन म्हणाली की काका, या वेळी ढुंगणावर लागली नाही, ढुंगणातून निघाली. ओन्नीला हे सांगायला हवं होतं असं म्हणता म्हणता ती थांबली, आणि आम्ही दोघांनी त्या मुळांकडे पाहिलं. तिथे चिखल होता. बाकी काही नव्हतं. मी जाऊन पाहिलं.

अस्वल आयलीच्या अंगणात सोललं. दिवस मावळायला अजून अवकाश होता, धुकं फाटून ऊन आलं होतं. शेजाऱ्यांनी ओढायला मदत केली होती आणि कॉफी पिऊन ते गेले होते. मी खांद्याचं कातडं सोडवत होतो. पहिली गोळी तिथेच असणार होती, हाडावर चेपलेली. सुरीच्या टोकाला ती लागली. मी ती पाण्यात धुतली आणि तळहातावर घेतली.

कारिननं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

खाली बारीक देठ. वर पसरलेली टोपी. टोपीची एक कड मागे दुमडलेली, कुत्र्याच्या कानासारखी.

मऊ गोळी फुलते तेव्हा अळंबीसारखीच होते, हे मला सांगू नका. मी अशा शंभर पाहिल्यात. एकीसारखी दुसरी नसते. आयलीनं ती माझ्या हातातून घेतली, सावनाच्या पुढच्या खोलीत नेली आणि खिडकीच्या फळीवरच्या त्या गडद डागावर ठेवली. ती डागावर बरोबर बसली. कानासकट.

"आलास?" आयली म्हणाली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. ती कॉफी ठेवायला गेली आणि कप चार मांडले.

मी खोलीत एकटा राहिलो. मग बोललो, मोठ्यानं. ओन्नी, तू बरोबर होतास. चाळीस वर्षांत जे बोललो नाही ते बोललो. स्टोव्हचं झाकण वाजलं नाही. त्याला ऐकायचं होतं ते ऐकून झालं असावं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण पुढे नववर्ष आलं. संध्याकाळी आम्ही तिघं त्या खोलीत जमलो, बर्फाच्या पाण्याची बादली मध्ये. आयलीचं शिसं कोंबडीसारखं पडलं, माझं बुटासारखं. आयली म्हणाली, यंदाही तुला बूट काढावेच लागणार. मग रीतीप्रमाणे ओन्नीचं. ज्याचं वर्ष अर्धवट राहिलं, त्याचं ओतून टाकायचं आणि संपवायचं. कारिननं पळीत ती अळंबी ठेवली, वितळवली आणि बादलीत ओतली. चर्र झालं, वाफ आली. तिनं पाण्यात हात घातला. तो लवकर बाहेर आला नाही.

"काका... तुम्हीच घ्या."

मी घेतली. गोळी होती. रुंद सपाट तोंडाची, मेणासाठी दोन खाचा असलेली, गुळगुळीत. साच्यात ओतलेल्या गोळीच्या अंगावर दोन्ही बाजूंना बारीक शीव असते, साचा मिटतो तिथे. हिला शीव नव्हती. आम्ही शिशात कथील घातलं नव्हतं. मी ती झाकणावर टाकली. टण्. पुन्हा टाकली. टण्.

जहाज म्हणजे प्रवास, कोंबडी म्हणजे भरभराट. गोळीचा अर्थ कुणाच्या आजीनं सांगितलेला नाही. आयलीनं ती खिडकीत ठेवली आणि म्हणाली की कुणाच्या तरी उपयोगी पडायची असेल.

या वर्षी कारिनला पुन्हा परवाना मिळाला. मला नाही. मी तिच्यासाठी गोळ्या ओतल्या, सगळ्या कडक, डबा पूर्ण. काल आयलीचा फोन आला. म्हणाली, खिडकीतली फळी रिकामी आहे, तू पुन्हा भांड्यात टाकलंस का? मी टाकलं नव्हतं. मी कारिनच्या घरी गेलो आणि तिला कार्बाइन उघडायला लावली. तिनं ती परवाच स्वतः भरली होती, माझ्यासमोर. सगळ्यात शेवटी घातलेलं काडतूस माझ्याच हातचं होतं.

तिनं दांडा ओढला. बाहेर आलं ते काडतूस मी दिव्याखाली धरलं. रुंद, सपाट तोंड. अंगावर शीव नाही. बुडाला निळा ठिपका, बोट लावलं तर अजून ओला.

मग कारिननं ते झडपेतून पुन्हा आत ढकललं, होतं तिथेच, शेवटचं. म्हणजे आधी तेच निघेल.

परवा मोसम सुरू होतो. ती एकटी जाईल. मी तिला एवढंच सांगून ठेवलंय की आवाज आला तर तो कोणत्या बाजूनं आला ते आधी ऐक.